गजाल टपरीवरची, ॲडमिशन शेजारच्या मुलीचं

*पत्र थोडक्यात असं आहे:*

"ताई, मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. देवगड तालुक्यात गावी असतो, थोडी कलमं आहेत. सकाळी पेपर, दुपारी यूट्यूब, संध्याकाळी तिठ्यावरच्या टपरीवर बैठक. टेक्नॉलॉजीच्या बातम्यांचा मला नाद आहे आणि लोक माझं ऐकतात. २०२५ च्या जुलैत टीसीएस बारा हजार माणसं कमी करणार अशी बातमी आली. त्या संध्याकाळी मी टपरीवर म्हणालो, 'कॉम्प्युटर इंजिनिअरिंग संपलं. दोन वर्षांत कोडिंग करणारा माणूस औषधालाही सापडणार नाही.' शेजारी ऐकत होता. त्याच्या मुलीला कॉम्प्युटरला सीट मिळत होती, त्याने ती घेतलीच नाही. मुलगी आता तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला जाते आणि माझ्या दारावरून जाताना मान खाली घालते. परवा पाणंदीवरून तिच्या बापाशी बोलाचाली झाली, तेव्हा तो म्हणाला, 'तुमीच सांगलास मां?' घरची म्हणते, 'तोंडाक कुलूप घाला.' पुण्याचा पुतण्या म्हणतो, 'काका, तुम्ही फक्त हेडलाइन वाचता.' माझं चुकलं का? आता बोलणंच बंद करू का? आणि त्या पोरीला काय सांगू?

ता. क. बागेतली माकडं ओळखून पळवणारा एआय कॅमेरा निघालाय म्हणे. घेऊ का?"

— टपरीवरचा तज्ज्ञ, देवगड तालुका

भाऊ, नमस्कार.

तुमची सही वाचून हसले आणि मग पुन्हा वर जाऊन 'मान खाली घालते' ही ओळ वाचली. पत्र त्या ओळीसाठीच लिहिलंय, बाकीचं सगळं तिला झाकायला आहे, असं मला वाटलं. तरी तुम्ही विचारलंय त्याच क्रमाने जाते.

चुकलं का? बातमी तुम्ही खोटी सांगितली नाहीत. टीसीएसने तसं जाहीर केलं होतं, आकडाही बाराच हजारांचा होता. पण ती बातमी आज पुन्हा काढून सावकाश वाचा. कंपनीत माणसं सहा लाखांहून जास्त, त्यातली साधारण दोन टक्के कमी करायची होती आणि ती मुख्यतः मधल्या नि वरच्या फळीतली. म्हणजे चाळिशीतला, गृहकर्जवाला मॅनेजर त्या बातमीने घाबरायला हवा होता. घाबरली बारावी झालेली मुलगी. शिवाय कंपनीच्या प्रमुखांनी तेव्हाच सांगितलं होतं की हे एआयमुळे नाही, लागणारी कौशल्यं आणि माणसांकडची कौशल्यं जुळत नाहीत म्हणून आहे. मी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, कंपन्या आपल्या सोयीचंच बोलतात. पण तुमच्या टपरीपर्यंत हा भाग पोचलाच नाही. बारा हजार पोचले आणि 'दोन वर्षांत' हे दोन शब्द तुम्ही पदरचे घातलेत. बातमीत ते कुठेच नव्हते. शेजाऱ्याने सीट सोडली ती मात्र त्याच दोन शब्दांवर.

आता तुमच्याच खात्याचं एक सांगते. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली, तेव्हा तुम्ही नोकरीतच असाल. त्या वर्षी स्टँडवर, हॉटेलात, बारशात, बाराव्याला, जिथे जावं तिथे एकच वाक्य होतं: आता एसटी संपली. तुमच्या डेपोतले किती जण ते मान डोलावून ऐकत होते, आठवून बघा. मग काय झालं? मुंबईची रातराणी पातळ झाली, हे खरं. पण कणकवलीला नाहीतर नांदगावला गाडीतून उतरलेला माणूस देवगडला यायचा कसा? पुन्हा लाल गाडीनेच. आणि गणपतीला आजही महामंडळाला हजारो जादा गाड्या सोडाव्या लागतात, कारण रेल्वेचं आरक्षण सुरू होताच संपतं. एसटीचे हाल झाले नाहीत असं मी म्हणत नाही, खूप झाले. ते किती रेल्वेने केले, किती ट्रॅव्हल्सवाल्यांनी, किती सहा आसनीवाल्यांनी आणि किती घरच्याच कारभाराने, ते माझ्यापेक्षा तुम्ही जास्त जाणता. १९९८ साली 'रेल्वे आली, एसटी संपली' म्हणणाऱ्यांना यातलं काहीही दिसलेलं नव्हतं. समजा त्यांचं ऐकून तुम्ही राजीनामा दिला असतात तर?

मी तुम्हाला शहाणपण शिकवायला बसलेय असं समजू नका. माझं प्रकरण तुमच्याहून वाईट आहे.

मी दूरसंचारमध्ये होते. सुरुवात ट्रंक ऑपरेटर म्हणून. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, हातात कॉर्ड आणि पेन्सिलीने भरायची तिकिटं. सकाळी मुंबईचा कॉल बुक केलेला माणूस दुपारी जेवून परत यायचा आणि काउंटरवरच झोपायचा. साध्या कॉलवर अर्जंट, अर्जंटवर लाइटनिंग आणि पावसाळ्यात लाइन पडली की सगळेच सारखे. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारची दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. त्यांनी एसीशिवाय, खेड्यातल्या धुळीत चालतील अशी छोटी एक्स्चेंज बनवली, मग हळूहळू एसटीडी आलं, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट बाहेरगावी फोन. तेव्हा आमच्या खोलीत रोज चर्चा: ऑपरेटर संपले. आणि आम्ही खरंच संपलो, म्हणजे ते काम संपलं. आम्हाला उचलून कुणाला १९७ च्या चौकशीला, कुणाला तक्रारींना, कुणाला बिलांना बसवलं. सरकारी खातं म्हणून निभावलं, खाजगी असतं तर घरी पाठवलं असतं. पण ऑपरेटर संपणार हे बरोबर ओळखणाऱ्या आमच्यापैकी एकीलाही हे दिसलं नव्हतं की गावोगाव पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उघडतील आणि हजारो घरं त्यावर चालतील.

ते दिसलं नाही याचं दुःख नाही. पुढचं ऐका.

१९९५ च्या ३१ जुलैला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला तेव्हाचे केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर आणि आलेला फोन उचलला तरी पैसे. मी ऑफिसात ठासून सांगितलं, हे श्रीमंतांचं खूळ आहे. पुढे चार वर्षांनी कणकवलीचा माझा मावसभाऊ विचारायला आला: अक्का, कर्ज काढून एसटीडी बूथ टाकू का? मी आतली. बूथांचे धंदे कसे चाललेत हे मला बिलांवरून रोज दिसत होतं. मी म्हटलं, डोळे मिटून टाक. त्याने टाकला. तीन वर्षं बरी गेली, रात्री नऊनंतर दर उतरला की रांग लागायची. मग मे २००३ मध्ये मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले आणि त्याच सुमाराला हँडसेटही स्वस्त झाले. बूथमधली रांग एका पावसाळ्यात नाहीशी झाली. कर्जाचे हप्ते मात्र उरले. त्याने काचेच्या केबिनमध्ये झेरॉक्सचं मशीन ठेवलं, मग रिचार्ज, आता मोबाइलची कव्हरं विकतो. उभा राहिला, पण स्वतःच्या बळावर, माझ्या सल्ल्यावर नव्हे. अजून लग्नाकार्यात भेटला की चारचौघांत विचारतो, "अक्का, आता काय घेऊ?" मी जिलबीच्या ताटात बघत राहते.

तेव्हा पुतण्याचं म्हणणं मला अर्धंच पटतं. तुम्ही हेडलाइन वाचलीत म्हणून घोटाळा झाला असं तो म्हणतो. मी तर हेडलाइनच्या आत बसून पगार घेत होते, तरी तोंडावर पडले. कमी माहिती हे आमच्या दोघांच्याही चुकीचं कारण नव्हतं. हप्ते माझे नव्हते आणि सीट तुमची नव्हती. स्वतःच्या मुलाला कॉम्प्युटरला सीट लागली असती, तर त्या संध्याकाळी 'दोन वर्षांत' हे शब्द तुमच्या तोंडून इतके सहज आले असते का? चार ठिकाणी फोन केले असतेत, पुतण्याला विचारलं असतंत, रात्री झोपला नसतात.

मोठ्या माणसांचंही हेच होतं बरं. जेफ्री हिंटन नावाचे शास्त्रज्ञ आहेत, आजच्या एआयच्या पायाभरणीत त्यांचा मोठा वाटा, २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. २०१६ मध्ये ते म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. पाच वर्षं केव्हाच उलटली. यंत्रं एक्स-रे वाचायला मदत करतात, हे खरं आहे. पण आमच्या तालुक्याच्या गावी सोनोग्राफीचे डॉक्टर अजून ठरलेल्या वारीच येतात आणि त्या वारी बायका पोटभर पाणी पिऊन बाकावर ताटकळत असतात. त्यांना डॉक्टर कमी पडतायत, जास्त नाहीत. हिंटननी नंतर कबूल केलं की आपण फार सरसकट बोललो. दिशा त्यांना कळली होती, वेळ चुकली आणि वेळ चुकली की सगळं चुकतं. मोहोर येणार हे कुणीही सांगेल, कधी येणार ते सांगा ना!

कलमांचा विषय निघालाच आहे तर मुहूर्ताच्या पेटीचं बोलू. तुम्ही बागायतदार, तुम्हाला हे मी सांगायला नको. दर वर्षी पेपरात फोटो येतो: देवगडची नाहीतर रत्नागिरीची पहिली पेटी वाशीला पोचली, पेटीला हार, हळदकुंकू, नारळ आणि खाली इतक्या हजारांना गेली. मुंबईचे लोक वाचून म्हणतात, कोकणातले लोक गडगंज झाले. तुम्ही तो फोटो बघून यंदाच्या हंगामाचा हिशेब मांडता का? नाही. तुम्हाला ठाऊक असतं की ती एक पेटी आहे, पूजेची आहे, थ्रिप्सचा किडा अजून यायचाय, अवकाळी यायचाय आणि मे महिन्यात उरलेला माल रस डबाबंद करणारा कॅनिंगवाला किलोवर घेणार आहे. तुमचं वर्ष कसं गेलं ते त्या कॅनिंगच्या दराला विचारायचं.

टेक्नॉलॉजीच्या ज्या बातम्या तुम्ही वाचता त्यातल्या बहुतेक मुहूर्ताच्या पेट्या असतात. अमुक कंपनीचं मूल्यांकन इतके अब्ज डॉलर ही मुहूर्ताची पेटी. बायजूजचं मूल्यांकन २०२२ मध्ये बावीस अब्ज डॉलर होतं, २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. फेसबुकने २०२१ मध्ये नाव बदलून मेटा ठेवलं, कारण म्हणे आता सगळं जग चष्मा लावून मेटाव्हर्स नावाच्या आभासी दुनियेत जगणार होतं. तुमच्या टपरीवर कुणी तो चष्मा लावून बसलेलं दिसतं का? आणि नोकरकपातीच्या बातम्या? त्याही पेट्याच, फक्त वाईट बाजूच्या. तो फोटो बघून कुणी हंगाम बुडाला म्हणून कलमं तोडायला निघालं तर तुम्हीच त्याचा हात धराल.

याउलट कॅनिंगच्या दराच्या बातम्या कुणी छापत नाही. कोकण रेल्वेचंच बघा. स्कायबस म्हणून खांबांवरून लटकत धावणारी गाडी येणार होती. मडगावला चाचणीचा मार्गही उभा राहिला होता, तेव्हा पेपर भरभरून लिहीत होते. २००४ च्या चाचणीत अपघात झाला, कर्मचारी दगावला आणि पुढे ते सगळं गुंडाळलं गेलं. त्याच कोकण रेल्वेने १९९९ पासून भरलेले ट्रक सपाट डब्यांवर चढवून कोलाडहून गोव्यात वेर्ण्याला न्यायला सुरुवात केली. ट्रक चढवला, दोरखंड बांधला, ड्रायव्हर आत झोपला, निघाले. त्यात बघण्यासारखं काहीच नाही, म्हणून त्यावर कधी तुमच्या टपरीवर गजाल रंगली नसेल. आणि ती सेवा वर्षानुवर्षं चालू राहिली.

एक जुनी गोष्ट राहवत नाही म्हणून सांगते, जरा लांबेल. एन्रॉन आठवतं? नाव दाभोळचं, प्रकल्प मात्र वाशिष्ठीच्या दक्षिणेला गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. आपल्याकडे एन्रॉन म्हणजे वीज, मोर्चे, महागडा दर आणि 'अरबी समुद्रात बुडवू' अशी घोषणा. पण तिकडे अमेरिकेत ही कंपनी कशासाठी गाजत होती माहितीये? 'फॉर्च्यून' मासिकाने तिला सलग सहा वर्षं सगळ्यात कल्पक कंपनी म्हणून निवडलं होतं. २००० मध्ये तिने ब्लॉकबस्टर या कॅसेटवाल्या कंपनीबरोबर वीस वर्षांचा करार जाहीर केला: घरबसल्या तारेतून हवा तो सिनेमा. बातमी मोठी झाली, शेअर उसळला. आठ-नऊ महिन्यांत करार मोडला आणि डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली. आता गंमत बघा. कल्पना शंभर टक्के खरी होती. २००७ मध्ये नेटफ्लिक्सने तेच सुरू केलं आणि आज तुम्ही दुपारी पडल्या पडल्या फोनवर बघता तेही तेच. टपरीवर २००० साली कुणी म्हटलं असतं की हे होणार, तर तो बरोबर ठरला असता आणि त्याचं ऐकून एन्रॉनचे शेअर घेणारा धुऊन निघाला असता. दोघंही एकाच बातमीवर बोलत होते. गुहागरच्या माणसाला मात्र ती कंपनी कशी आहे हे त्याआधीच कळलं होतं, कारण त्याची जमीन गेली होती, विजेचं बिल त्याच्या घरी आलं होतं. फॉर्च्यूनवाल्यांची जमीन गेली नव्हती.

म्हणून बातमीवर मत ऐकताना मी आता एवढंच बघते की बोलणाऱ्याचं त्यात काय गेलंय किंवा काय येणार आहे. एआय सगळ्यांचं काम खाणार असं जे सगळ्यात जोरात सांगतात, त्यातले बरेच जण एआय विकणारेच असतात. काही होणार नाही, निर्धास्त राहा असं सांगणाऱ्यांत कॉलेजवाले असतात, त्यांना सीटा भरायच्या असतात. आणि यूट्यूबवाल्याला तुम्ही घाबरून शेवटपर्यंत बघायला हवे असता.

आता उलट टोकालाही जाऊ नका. सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं, त्यानंतर प्रोग्रामिंगचं काम बदललंय हे तुमचा पुतण्याही नाकारणार नाही. नवशिक्या पोरांना जे सोपं, साच्यातलं काम देऊन शिकवायचे ते आता यंत्र लिहितं, त्यामुळे पहिल्या पायरीवर पाय ठेवणं अवघड झालंय. ती मुलगी कॉम्प्युटरला गेली असती तर चार वर्षांनी तिच्यासमोर हाच प्रश्न उभा राहिला असता आणि त्याचं उत्तर आज ना तुमच्याकडे आहे, ना माझ्याकडे. ट्रंक बोर्डासमोर बसून मला एसटीडी बूथ दिसला नाही, बूथसमोर बसून मोबाइल दिसला नाही. तिसऱ्यांदा हात दाखवून अवलक्षण मी करणार नाही.

बोलणं बंद करू का, हा तुमचा दुसरा प्रश्न. नको हो! निवृत्त माणसाने बोलायचं नाही तर करायचं काय? वहिनींना माझा नमस्कार सांगा, पण या बाबतीत मी तुमच्या बाजूने. आपल्याकडे गजालीला मान आहे. 'गजालीन घोव खाल्लो' (गप्पांनी नवरा खाल्ला) हेही आपल्याचकडे म्हणतात, ते विसरू नका म्हणजे झालं. गजाल ही गजाल म्हणून करा. चॅटजीपीटीवर करा, इलॉन मस्कवर करा, नोटेतल्या चिपवर करा. (२०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप आहे असं तुम्हीही सांगितलं असणार, तुमच्या पत्राच्या सुरावरून माझी खात्री आहे. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती नोट चलनातून काढायचं जाहीर केलं, चिप काही कुणाला सापडली नाही. कुणाचं काही बिघडलं का? नाही. ही गजाल.) पण समोर बसलेल्याच्या घरात ॲडमिशन, कर्ज, लग्न किंवा जमिनीचा व्यवहार चालू आहे हे ठाऊक असेल तेव्हा आवाज खाली आणा. खेड्यात कुणाच्या घरात काय चाललंय हे ठाऊक नसतं असं म्हणू नका. शेजाऱ्याची मुलगी सीईटीला बसली होती, पेढा तुम्हीही खाल्ला असेल.

आणि 'मला नक्की ठाऊक नाही' हे वाक्य अधूनमधून वापरून बघा. पहिल्या वेळी घशात अडकतं. परवा मी माझ्या फोनमधल्या एका एआयला विचारलं, पुढच्या वर्षी आंगणेवाडीची जत्रा कधी? त्याने क्षणात तिथी सांगितली, तारीख सांगितली, वर शुभेच्छा दिल्या. आता भराडी देवीची जत्रा पंचांगात नसते, ती देवीच्या कौलाने ठरते, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. 'अजून ठरली नाही' एवढंच उत्तर होतं आणि तेवढंच त्याला देता आलं नाही. मला एकदम तुमची टपरी डोळ्यांसमोर आली. रागावू नका.

एक करून बघा. पुढचं भाकीत कराल ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानामागे तारखेसकट लिहा. 'अमुक वर्षापर्यंत अमुक होईल.' रद्दीत न देता ते पान ठेवा आणि गणपतीत पुतण्या आला की त्याच्यासमोर काढा. मी २०२० च्या जानेवारीत बीएसएनएलमधून स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्याच योजनेत देशभरातले अठ्ठ्याहत्तर हजारांहून जास्त लोक बाहेर पडले. तेव्हापासून माझी अशी वही आहे. पहिल्याच पानावर लिहिलंय: 'घरून काम वगैरे शहरातली थेरं, चार महिन्यांत बंद.' त्यानंतर आमच्या वाडीतली तीन मुलं दोन वर्षं माळ्यावर बसून पुण्याची नोकरी करत होती, रेंज येईल त्या खिडकीत. वही उघडली की बोलण्याची गती आपोआप उतरते.

आता ती मुलगी.

तिच्या बापाशी आधी बोलू नका. तो भांडेल, कारण सीट न घेण्याचा निर्णय शेवटी त्याचा होता आणि ते त्यालाही माहीत आहे. तुमच्यावर ढकलून तो रात्री झोपतोय. त्याची ती सोय आज काढून घ्यायची गरज नाही. मुलीशी बोला, तिची आई घरात असताना, अंगणात, दिवसाउजेडी. टीसीएस, एआय, माझा हेतू, तुझ्या भल्यासाठी यातलं काहीही काढू नका. "मला पुरतं ठाऊक नव्हतं आणि मी ठाऊक असल्यासारखा बोललो, त्याचा त्रास तुला झाला." एवढंच, आणि मग गप्प बसा. गप्प बसणं तुम्हाला जड जाईल, पण एसटीच्या चौकशी खिडकीत गाडी दोन तास लेट आहे हे सांगून लोकांच्या शिव्या ऐकत बसायची सवय तुम्हाला आहे. तीच वापरा.

तिने काही विचारलं तरच पुढे. बीएस्सी म्हणजे दार बंद झालं असं नाही. बारावीला गणित असेल तर बीएस्सीनंतर एमसीएला जाता येतं, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाचीही वाट आहे. सीईटी पुन्हाही देता येते. नियम आणि तारखा सीईटी सेलच्या संकेतस्थळावर तिच्यासोबत बसून वाचा, यूट्यूबवर नको. पण कदाचित तिला आता केमिस्ट्री आवडायला लागली असेल, कुणी सांगावं! तसं असेल तर "नाही, तू कॉम्प्युटरलाच जा" असं म्हणून मोकळे होऊ नका, म्हणजे मिळवलं. पहिलं मत उतरवायला दुसरं मत पाजायचं, असं आपण करतो.

पुतण्याचा नंबर मात्र तिला द्या, त्याला आधी विचारून. तो त्या धंद्यात रोज जातो, त्याला कुठे दुखतं ते तो सांगेल आणि ती हव्या त्या गोष्टी त्याला विचारेल. त्या फोनवर तुम्ही स्पीकर लावून शेजारी बसायचं नाही.

ती मान वर करून तुमच्या दारावरून जाईल का? लगेच नाही जाणार. दोन-चार महिने जातील, आंबा काढून होईल. पहिल्या तोडीतला डझनभर आंबा तिच्या घरी पाठवा, पण वहिनींच्या हातून. तुम्ही घेऊन गेलात तर पाच मिनिटांत हापूसच्या भविष्यावर सुरू व्हाल.

आणि माकडांचा कॅमेरा. अशी यंत्रं निघाली आहेत, प्राणी ओळखून आवाज करतात. तुमच्या बागेत चालेल की नाही हे मला ठाऊक नाही. (बघा, जमलं.) आपली माकडं फटाक्यांना चार दिवस घाबरतात, पाचव्या दिवशी फटाका वाजला की खायला काय आहे बघायला येतात. विकणाऱ्याला सांगा, पैसे आत्ता देत नाही, कॅमेरा कैऱ्या धरल्यावर पंधरा दिवस लावून जा. वीज आणि रेंज जाईल त्या दिवशी काय होतं तेही त्यालाच बागेत उभं करून बघा. तो हो म्हणाला तर मला कळवा, आमच्या फणसाला पण लावायचाय.

तुमची,
अक्का